लिनियसची तसबीर आणि करंबळाचे नाव

वनस्पतिशास्त्राच्या जुन्या पाठ्यपुस्तकांत पहिल्या काही पानांवर एक चेहरा हमखास भेटत असे. डोक्यावर पावडर लावलेला केसांचा टोप, गळ्याशी पांढरी नाजूक जाळी, अंगात गडद कोट, छातीवर मानचिन्ह. आणि या सगळ्या दरबारी थाटामागून आपल्याकडे रोखून पाहणारे दोन तपकिरी, किंचित मिस्कील डोळे. खाली नाव: कार्ल लिनियस, १७०७ ते १७७८. परीक्षेपुरते हे नाव आपण पाठ करतो. झाडांना आणि प्राण्यांना दोन शब्दांची लॅटिन नावे देण्याची पद्धत याने रूढ केली, एवढे उत्तर लिहितो आणि पान उलटतो.

ज्या मूळ चित्रावरून हा चेहरा जगभर पोचला ते चित्र १७७५ साली आलेक्झांडर रोसलिन या स्वीडिश चित्रकाराने रंगवले. स्टॉकहोमच्या पश्चिमेला मेलारेन सरोवराच्या काठी ग्रिप्सहोल्मचा किल्ला आहे. स्वीडनच्या सरकारी व्यक्तिचित्र-संग्रहाची स्थापना १८२२ साली झाली, आणि त्या संग्रहातले रोसलिनचे हे चित्र त्याच किल्ल्यात आहे. आज त्याची छापील प्रत मिळवणे अवघड राहिलेले नाही. हा संग्रह सांभाळणाऱ्या स्टॉकहोमच्या राष्ट्रीय संग्रहालयाने २०१६ साली आपल्याकडील सुमारे ३००० जुन्या चित्रांच्या उत्तम प्रतिमा सर्वांना मोकळ्या केल्या. पूर्वी राजेरजवाड्यांच्या भिंतीवर असणारी चित्रे आता कोणालाही छापून चौकटीत बसवता येतात.

या तसबिरीत जो आहे त्याच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु तिच्यात जे नाहीत, आणि ज्यांच्यावाचून त्याची कीर्ती अपुरी राहिली असती, अशी काही माणसे आपल्या किनाऱ्यावरची होती. ती आपल्या ओळखीच्या भाषा बोलत होती आणि नागरी अक्षरे लिहीत होती. म्हणून तसबीर पाहताना चौकटीच्या आत आणि बाहेर, दोन्हीकडे पाहणे आपल्याला भाग आहे.

आधी चौकटीच्या आत पाहू. रोसलिनचा जन्म १७१८ साली माल्म येथे झाला. स्टॉकहोममध्ये शिक्षण घेऊन तो जर्मनी आणि इटलीमार्गे १७५२ साली पॅरिसला गेला. दुसऱ्याच वर्षी तेथील राजमान्य कला-अकादमीत त्याला सभासदत्व मिळाले. रेशीम, मखमल, जर यांचा झगमगाट हुबेहूब उतरवावा तर त्यानेच, असा त्याचा लौकिक होता. १७५९ साली मारी-सुझान जिरू या फ्रेंच तरुणीशी त्याने लग्न केले. ती कॅथलिक, हा ल्यूथरपंथी. त्यामुळे या लग्नाला घरून कडाडून विरोध झाला होता. त्याचे सर्वांत गाजलेले चित्र तिचेच आहे. १७६८ साली रंगवलेल्या त्या चित्राला जग ‘अवगुंठनातली स्त्री’ म्हणून ओळखते. जिरू स्वतः खडूरंगांत उत्तम व्यक्तिचित्रे काढी, आणि १७७० साली तिलाही त्याच अकादमीने सभासद करून घेतले. पण छापील प्रतींखाली बहुधा तिचे नाव नसते. चित्रात असूनही नाव हरवू शकते, हे येथेच लक्षात ठेवावे; पुढे उपयोगी पडेल. १७७२ साली ती वारली. त्यानंतर दोन वर्षांनी रोसलिन मायदेशी आला आणि रशियाला जाण्यापूर्वी त्याने लिनियसला समोर बसवले.

तेव्हा लिनियस सदुसष्ट-अडुसष्ट वर्षांचा होता. १७७४ साली त्याला अर्धांगाचा पहिला झटका येऊन गेला होता. चित्रात मात्र त्याचा मागमूस नाही. छातीवरचे मानचिन्ह ‘ध्रुवतारा’ या स्वीडिश सन्मानाचे आहे. तो सन्मान त्याला १७५३ साली मिळाला आणि त्यानंतर ते चिन्ह तो सहसा उतरवत नसे. गरीब पाद्र्याच्या मुलाला आपल्या कर्तृत्वाचा अभिमान वाटला तर नवल नाही.

त्याच्या नावाची कथाही ऐकण्याजोगी आहे. त्या काळी स्वीडनमधल्या खेड्यांत बहुतेकांना कायमचे आडनाव नसे. बापाच्या नावावरून मुलाची ओळख चाले. लिनियसचे वडील शिकायला विद्यापीठात गेले तेव्हा आडनाव नोंदवणे भाग पडले. घराच्या जमिनीत एक मोठे लिंड जातीचे झाड होते. त्यावरून त्यांनी ‘लिनियस’ हे लॅटिन वळणाचे आडनाव घेतले. गावावरून, धंद्यावरून, झाडावरून आडनावे घेणाऱ्या आपल्या समाजाला यात परके असे काही वाटू नये. पुढे सरदारकी मिळाल्यावर मुलाने त्याचे ‘फॉन लिने’ केले. सगळ्या झाडांना नावे देणाऱ्या माणसाचे स्वतःचे नाव आधी एका झाडाने दिले होते.

लिनियस १७७८ च्या जानेवारीत उप्साला येथे मरण पावला. पुढच्याच वर्षी, १७७९ साली, पॅरिसमधल्या बेर्विक या कोरीवकाराने रोसलिनच्या चित्रावरून तांब्याचा ठसा तयार केला. आपल्याकडे १८९४ नंतर राजा रविवर्म्याच्या छापखान्याने देवादिकांच्या तसबिरी घरोघर नेल्या, ते दगडी छपाईचे रंगीत काम. बेर्विकचे काम त्याहून जुन्या रीतीचे आणि एकरंगी होते. तांब्याच्या गुळगुळीत पत्र्यावर पोलादी कोरणीने रेघ न् रेघ कोरायची, खाचांत शाई भरायची, वरचा पत्रा पुसून घ्यायचा आणि ओला कागद दाबून प्रत काढायची. रेघा दाट केल्या की सावली, विरळ केल्या की उजेड. अशा ठशांमुळे एका माणसाचा चेहरा त्याला कधीही न भेटलेल्या माणसांच्या टेबलावर जाऊन पोचे. तांब्याचा हा पत्रा ध्यानात असू द्यावा, कारण याच रीतीने आपल्या लोकांचे अक्षरही याआधी शंभर वर्षे युरोपात पोचले होते.

लिनियसने नेमके काय केले? त्याच्या आधी विद्वान लोक वनस्पतीचे नाव म्हणून लॅटिनमध्ये एक लांबलचक वर्णनच लिहीत. १७५३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘स्पीशीज प्लांटारम’ या ग्रंथात त्याने प्रत्येक वनस्पतीला दोन शब्दांचे सुटसुटीत नाव दिले. पहिला शब्द कुळाचा, दुसरा तिचा स्वतःचा; जणू आधी आडनाव आणि मग नाव. वनस्पतींच्या शास्त्रीय नावांची गणना आजही याच ग्रंथापासून होते.

पण लिनियस हिंदुस्थानात कधीच आला नव्हता. तरुणपणी, १७३२ साली, त्याने स्वीडनच्या उत्तरेकडे सामी लोकांच्या मुलखात प्रवास केला. १७३५ ते १७३८ या काळात तो हॉलंडमध्ये होता. मग आंबा, सुपारी, चाफा, पारिजातक या सगळ्यांची नावे त्याच्या ग्रंथात आली कशी? थोडे वाळवलेल्या नमुन्यांवरून, थोडे हॉलंडच्या बागांवरून, आणि फार मोठ्या प्रमाणात जुन्या पुस्तकांवरून. त्या पुस्तकांतली दोन आपल्या किनाऱ्यावर जन्मली आहेत.

पहिले पुस्तक गोव्याचे. गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्यात आला आणि तेथेच राहिला. १० एप्रिल १५६३ रोजी गोव्यात छापून झालेल्या त्याच्या ग्रंथात हिंदुस्थानातल्या औषधी द्रव्यांविषयीचे संवाद आहेत. त्यात रात्री फुलून सकाळी फुले गाळणाऱ्या एका झाडाची गोष्ट येते. सूर्यावर प्रेम करणारी एक मुलगी, तिचा झालेला त्याग, आणि तिच्या राखेतून उगवलेले, सूर्याचे तोंडही न पाहणारे झाड. ऑर्ताने त्याला ‘दुःखी झाड’ म्हटले. आपला पारिजातक तो हाच. सत्यभामेच्या अंगणात लावला तरी फुले रुक्मिणीच्या अंगणात पडतात, ही आपली कथा रुसव्याची आणि गोडव्याची; ऑर्ताच्या कानी पडली ती विरहाची. १५६७ साली क्लुसियस नावाच्या पंडिताने त्या ग्रंथाचा लॅटिन संक्षेप केला आणि ‘दुःखी झाड’ युरोपभर झाले. १७५३ मध्ये लिनियसने नाव ठेवले ‘निक्टॅन्थस आर्बर-ट्रिस्टिस’. आर्बर-ट्रिस्टिस म्हणजे दुःखी झाड. गोव्यात ऐकलेली एक गोष्ट अशी शास्त्राच्या नावात गोठून राहिली. ऑर्ताच्या वाट्याला मात्र शांती आली नाही. तो मूळ ज्यू घराण्यातला होता. १५६८ साली तो वारला, आणि १५८० साली धर्मन्यायालयाने त्याची हाडे उकरून जाळली.

त्याच ऑर्ताच्या पुस्तकात पाच धारांचे, आडवे कापले तर चांदणीसारखे दिसणारे एक आंबट फळ आहे. ते आपले करंबळ; गोव्याकडे त्याला करमलही म्हणतात. पोर्तुगिजांनी ते ‘कारांबोला’ असे उच्चारले, आणि कोशकार या शब्दाचे मूळ मराठी करंबळातच शोधतात. कोकणी बोलणारा म्हणेल, तो शब्द आमचा. दोघांनी एकाच अंगणातले फळ वाटून घ्यावे, भांडू नये. लिनियसने त्याला नाव दिले ‘आव्हेऱ्होआ कारांबोला’. पहिला शब्द कॉर्दोबाच्या इब्न रश्द या अरब वैद्य-तत्त्वज्ञाच्या स्मरणार्थ, कारण युरोप त्याला आव्हेरोस म्हणे. दुसरा शब्द आपल्या परसातला. गोव्याच्या आमटीत पडणारी बिंबलां हे याच कुळातले फळ, ‘आव्हेऱ्होआ बिलिंबी’. नाव ठेवणारा स्वीडिश, भाषा लॅटिन, कुळाला अरब पंडिताचे नाव आणि फळाला कोकणपट्टीचे! दोन शब्दांच्या नावात एवढी माणसे दाटीवाटीने बसली आहेत.

दुसरे पुस्तक कोचीचे, ‘हॉर्टस मलबारिकस’. डच कंपनीचा मलबारमधला अधिकारी हेंड्रिक व्हान ऱ्हीड याने हे काम उभे केले. १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅममध्ये त्याचे बारा खंड निघाले. सातशेहून अधिक वनस्पती, प्रत्येकीचे मोठे तांब्याच्या ठशाचे चित्र, आणि त्या चित्रावर निरनिराळ्या लिपींत कोरलेली नावे: रोमन, मल्याळम, अरबी आणि नागरी. होय, नागरी. सतराव्या शतकात ॲमस्टरडॅमच्या कोरीवकारांनी, एकही अक्षर वाचता येत नसताना, आपल्या लिपीतली झाडांची नावे तांब्यावर कोरली.

ती नावे सांगितली कोणी? पहिल्या खंडात त्याची नोंद आहे. इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याची साक्ष आहे. त्याचबरोबर रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तिघा कोकणी ब्राह्मण वैद्यांचे १६७५ सालच्या एप्रिलमधले निवेदन आहे. भाषा कोकणी, लिपी नागरी, आणि खाली त्यांची नावे. ‘महानिघंटू’ या ग्रंथाच्या आधारे आपण वनस्पतींची नावे आणि गुण सांगितले, अशी ग्वाही ते देतात. पोर्तुगिजांच्या धर्मजाचाला कंटाळून सोळाव्या शतकात गोव्यातून दक्षिणेकडे गेलेल्या कोकणी कुटुंबांची कोचीत मोठी वस्ती होती. हे तिघे त्या समाजातले. गाव सुटले, पण भाषा आणि लिपी त्यांनी सोबत नेली. इंदूर, ग्वाल्हेर, बडोद्याला पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या वाचकांना यापुढचे सांगायला नको.

त्यांची माहिती पुस्तकात पोचण्यापूर्वी बरीच वळणे घेऊन गेली. स्थानिक भाषेतून पोर्तुगीज, पोर्तुगीजमधून डच, डचमधून लॅटिन. दुभाष्याचे काम किती नाजूक असते हे दोन भाषांच्या सीमेवर राहणाऱ्याला ठाऊक असते. चुलीपासून कचेरीपर्यंत पोचेस्तोवर एका शब्दाचा काय होतो तो प्रवास आपण रोज पाहतो. एवढ्या हातांतून गेलेली माहिती बरीचशी शाबूत राहिली, याचे श्रेय सांगणाऱ्यांच्या नेमकेपणाला जाते. कालिकतचे वनस्पतिशास्त्रज्ञ के. एस. मणिलाल यांनी आयुष्याची अनेक दशके खर्ची घालून या बारा खंडांतील वनस्पती ओळखल्या आणि ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर केले. ते २००३ साली केरळ विद्यापीठाने प्रसिद्ध केले.

पूर्वेकडील वनस्पतींसाठी लिनियसचा ज्या मोजक्या ग्रंथांवर भरवसा होता त्यांत ‘हॉर्टस मलबारिकस’ होता. कित्येक भारतीय वनस्पतींना नाव देताना त्याच्यापुढे झाड नव्हतेच. ऱ्हीडच्या ग्रंथातले तांब्याच्या ठशाचे चित्र होते. त्यातली काही चित्रे आजही त्या त्या नावाचा अधिकृत नमुना मानली जातात. म्हणजे शंका आली तर शास्त्रज्ञाने शेवटी त्या चित्राकडेच जायचे.

आता लिनियसने आधार कसा नोंदवला ते पाहा. त्याच्या ग्रंथात त्या त्या नावाखाली अगदी तुटक अक्षरांत लिहिलेले असते: ‘ऱ्हीड. माल.’, मग खंड, पान आणि चित्राचा क्रमांक. रंग भट नाहीत, विनायक पंडित नाहीत, अप्पू भट नाहीत, इट्टी अच्युतन नाहीत. ऱ्हीडने निदान त्यांना पहिल्या खंडात मानाने बसवले होते. शास्त्राच्या पुढच्या पायरीवर ते चौघे दोन तुटक शब्दांत विरघळले. लिनियसने कोणाचे काही मुद्दाम चोरले असे म्हणता येणार नाही. त्या काळची आधार देण्याची रीतच तशी होती. परंतु रीत निर्दोष होती म्हणून परिणाम कमी होत नाही. तसबीर एकाची राहिली.

आणि न्याय करायचा तर आणखी एक गोष्ट लपवता येत नाही. झाडांची वर्गवारी करणाऱ्या या माणसाने माणसांचीही वर्गवारी केली. १७५८ सालच्या आपल्या ग्रंथात त्याने मानवजातीचे खंडांप्रमाणे प्रकार पाडले आणि प्रत्येकाला स्वभाव चिकटवले. आशियातला माणूस त्याच्या मते मतांच्या आहारी जाऊन वागणारा, आफ्रिकेतला लहरीवर चालणारा. ज्या आशियाई वैद्यांच्या काटेकोर निरीक्षणावर त्याची पाने उभी होती, त्यांच्याविषयी हा निष्कर्ष! पुढच्या काळात असल्या वर्गवाऱ्यांनी जगाचे केवढे नुकसान केले ते आपण जाणतो. तसबिरीतले मिस्कील डोळे आवडले म्हणून हे पान फाडून टाकता येणार नाही. आणि हे पान वाचले म्हणून १७५३ चा ग्रंथही फेकून देता येणार नाही. इतिहासातल्या माणसाला सबंध पाहायची सवय लावून घ्यावी लागते.

लिनियसचा धागा आपल्या बाजूला आणखी एका ठिकाणी येऊन टेकतो. स्वीडिश ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजावरचा धर्मोपदेशक उलोफ तुरेन हा त्याचा शिष्य. १७५० ते १७५२ च्या सफरीत तो सुरतेला येऊन गेला. प्रवासाची हकिगत त्याने लिनियसला पत्रांतून कळवली आणि १७५३ साली तो वारला. गुरूने एका नाजूक फुलझाडाच्या कुळाला ‘टोरेनिया’ हे नाव देऊन त्याची आठवण ठेवली. ज्या ऱ्हीडच्या ग्रंथावर गुरूचा एवढा भरवसा, तो ऱ्हीडही १६९१ साली सुरतेकडे येताना समुद्रातच वारला होता. सुरतेच्या डच दफनभूमीत त्याची मोठी कबर आहे. बडोद्याच्या वाचकांना ती फार दूर नाही.

या साऱ्या खटाटोपातून आपल्या हाती काय लागते? दोन भाषांच्या प्रदेशात राहणाऱ्यांना नावाचे मोल अधिक कळते. गावाच्या पाटीवर एक नाव, आजीच्या तोंडी दुसरे. शाळेच्या दाखल्यावर आडनाव एका वळणाचे, पत्रिकेत दुसऱ्या. एक नाव टिकले की दुसरे मेलेच, अशी भीती आपल्याला कायम वाटत असते, आणि ती अगदीच अनाठायी नाही. पण करंबळाने काय केले ते पाहा. पोर्तुगिजांच्या जिभेवर ते वाकले, लॅटिनच्या साच्यात बसले, अरब पंडिताच्या शेजारी बसले, तरी अजून ते ओळखू येते. सुपारीचेही तसेच. मल्याळीत अडक्का, कानडीत अडिके. पोर्तुगिजांच्या तोंडून तिचे ‘अरेका’ झाले आणि लिनियसने तेच कायम केले. बेळगावच्या बाजारात अडिके म्हणून सुपारी घेणाऱ्याने ते लॅटिन नाव एकदा सावकाश उच्चारून पाहावे. आत ओळखीचा आवाज सापडेल. चाफ्याला लिनियसने ‘मिशेलिया चंपाका’ म्हटले. पुढे शास्त्रज्ञांनी कुळ बदलून ‘मॅग्नोलिया’ केले. आडनाव बदलले, पण ‘चंपाका’ जागचे हलले नाही.

शब्द टिकले, माणसे मात्र आपण टिकवली तरच टिकतात. रंग भट, विनायक पंडित, अप्पू भट यांचे एकही चित्र नाही. कोणी रोसलिन त्यांच्यापुढे बसला नाही. त्यांचे रूप, पागोटे, डोळे, सगळे काळाने नेले. उरले ते अक्षर, आणि ते चेहऱ्याहून कमी नाही. ज्या कोरणीने पुढे लिनियसची जाळी आणि मानचिन्ह तांब्यावर उतरवले, तसल्याच कोरणीने शंभर वर्षे आधी झाडांची नागरी नावे उतरवली होती. ‘हॉर्टस मलबारिकस’चे खंडही आता संगणकावर कोणालाही पाहता येतात. म्हणून लिनियसची तसबीर शाळेच्या प्रयोगशाळेत लावायची असेल तर अवश्य लावावी. रोसलिनचा हात खरोखरच उमदा आहे. फक्त तिच्या शेजारी, त्याच मापाच्या चौकटीत, त्या तिघांच्या निवेदनाचे पान लावावे आणि खाली त्यांची नावे पूर्ण लिहावीत, तुटक नव्हेत.